तापला की बसणारा रेडिओ

"मिस्त्री, तुमचे नाना आले," शेठ काउंटरवरून म्हणाले, आणि मी मागच्या खोलीत हातातली पकड उगाचच शोधू लागलो.

नाना तक्रार घेऊन तिसऱ्यांदा आले होते. पहिल्या दोन वेळा ते एकटे आले होते. या वेळी त्यांच्यामागे गावचे सात-आठ जण होते, आणि सगळ्यांच्या पुढे, गोधडीत गुंडाळलेला आणि दोरीने बांधलेला आमच्या दुकानाचा रेडिओ होता. तो त्यांनी काउंटरवर ठेवला नाही. सरळ दुकानाच्या मधोमध स्टुलावर ठेवला आणि स्वतः समोर जमिनीवर मांडी घातली. बाकीचे आजूबाजूला बसले. गिऱ्हाईक उभं राहिलं की लवकर जातं. बसलं की कठीण असतं.

मी त्या वेळी जळगावात एका रेडिओच्या दुकानात मेकॅनिक होतो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट आहे. शहरात वीज आली होती, पण खेड्यांत नव्हती. म्हणून खेड्यांसाठी वेगळे सेट यायचे. ते मोटरगाडीच्या सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालत. त्यांत व्हायब्रेटर नावाची एक डबी असे. बॅटरीच्या थोड्या दाबाचा ती जास्त दाब करून द्यायची आणि चालताना भुंग्यासारखी गुणगुणायची. असा सेट चांगलाच तापतो. हे तापणं लक्षात ठेवा, कारण माझ्या ते महिनाभर लक्षात आलं नाही.

नाना एरंडोलपासून दोन कोसांवरच्या एका गावचे. घरची बागाईत, कपाशी बरी आलेली. लेकी आखाजीला माहेरी यायच्या होत्या. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात दिवाळीपेक्षा मोठी. लेकींना गाणी ऐकवायची म्हणून नानांनी रेडिओ घेतला. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन काढलं. मी स्वतः जाऊन गच्चीवर एरियलची तार बांधून दिली. दुकानातून सेट न्यायच्या आधी शेठनी तो नेहमीप्रमाणे दहा मिनिटं वाजवून दाखवला. नानांनी सेटच्या भोवती एक फेरी मारली, मागून पाहिलं, वरून थोपटलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "दिसाले तं चांगला शे."

त्यांच्या या फेरीला मी मनात हसलो होतो. मला तेव्हा माहीत नव्हतं की हा माणूस त्या भागातला नावाजलेला बैलपारखी आहे. आखाजीनंतर, पावसाच्या आधी, गावचे लोक बैलबाजाराला जायचे ते नानांना पुढे घालून. नाना दात बघायचे, खूर बघायचे, बैलाला चालवायचे, आणि 'घे' म्हणाले तर घ्यायचा, 'नही' म्हणाले तर सोन्याची शिंगं असली तरी सोडायचा. त्यासाठी ते कुणाकडून चहाच्या पलीकडे काही घेत नसत. पण त्या एका शब्दावर त्यांची गावात मान होती.

आखाजीच्या दिवशी ओसरीवर अर्धं गाव जमलं. लेकी नटून बसल्या. रेडिओ लागला. सात-आठ गाणी छान झाली. पुढचं ऐन रंगात आलं आणि गप्प झालं. खरखर नाही, काही नाही, नुसती भुंग्याची गुणगुण. नानांनी बटणं फिरवली. लेकी वाट बघून झोक्यावर गेल्या. गाव उठून गेलं. जाताना शेजारचा झिपरू म्हणाला, "नाना, बैल तं मुका ऱ्हास. हाऊ डबाबी मुकाच लिधा का?"

दोन दिवसांनी नाना सेट घेऊन दुकानात आले. मी बॅटरी जोडली, बटण फिरवलं. सेट खणखणीत बोलायला लागला.

"नाना, हा तर बोलतोय," शेठ म्हणाले.

"आठे बोलस. घरबी बोलस. पन तपना का बसस."

"म्हणजे?"

"म्हनजे तपना का बसस. चांगला चालता चालता."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी शेठकडे पाहिलं. त्या पाहण्यात आम्ही दोघांनी मिळून ठरवून टाकलं की नानांना रेडिओ लावता येत नाही. दुकानदार आणि मेकॅनिक यांचं इतकं एकमत एरवी होत नाही.

"मिस्त्री जाऊन बघतील," शेठ म्हणाले.

मी धुळ्याकडे जाणाऱ्या मोटरीने गेलो. फाट्यावर नाना बैलगाडी घेऊन आले होते. घरी पोचलो. सेट एका कोनाड्यात ठेवलेला होता, पुढे क्रोशाचा पडदा. मी सुरू केला. व्यवस्थित चालला. पण काही न करता परत जाणं मिस्त्रीला शोभत नाही. म्हणून मी अर्थ तपासली. अर्थ म्हणजे सेटपासून निघून जमिनीत पुरलेली तार. तिच्याभोवतीची माती ओली लागते. नानांची तार अंगणात कोरड्या मातीत होती. ती मी उपटली, न्हाणीजवळ पुरली आणि नानांच्या बायकोला, आक्कांना, सांगितलं, "इथं रोज पाणी घाला."

"कितलं?"

"घाला की चांगलं हंडाभर."

सेट वाजतच होता. मी काहीतरी केलं होतं आणि सेट चालू होता, म्हणजे माझ्यामुळेच चालू होता, असा माझा समज झाला. या समजुतीवर आमच्या धंद्यातली बरीच माणसं आयुष्यभर जगतात.

"थोडा येळ बसा ना," नाना म्हणाले. "तपू द्या त्याले."

"नाना, परतीची मोटर जाईल."

मोटर खरंच जाणार होती. पण दुसरी दीड तासाने होती. दुकानात आल्यावर मी जॉबच्या वहीत लिहिलं: 'सेट उत्तम. अर्थ चुकीची. ग्राहकाची चूक.' खाली माझी सही. इंग्रजीत.

आठवड्याने नाना परत. सेट गोधडीत. आम्ही लावला, बोलला. दहा मिनिटं वाजवला, बंद केला. शेठ दहा मिनिटांपलीकडे कुठलाच सेट वाजवू देत नसत, बॅटरी उतरते म्हणून. दुकानाचा तो नियमच होता आणि आम्हाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

"आपल्याले दुसरा द्या," नाना म्हणाले.

मग शेठनी नानांकडून गॅरंटी कार्ड मागून घेतलं. ते इंग्रजीत होतं, बारीक अक्षरांत. त्याचा सारांश मी तुम्हाला सांगतो. तीन महिन्यांत काही बिघडलं तर कंपनी दुरुस्त करून देईल. पण व्हॉल्व्ह त्यात नाहीत, बॅटरी त्यात नाही, व्हायब्रेटर त्यात नाही. नेण्याआणण्याचा खर्च गिऱ्हाईकाचा. चुकीची हाताळणी झाली असेल तर काहीच नाही. आणि हाताळणी चुकीची होती की नाही हे कंपनीचा माणूस ठरवणार. असं ते कार्ड होतं. नानांनी ते घडी करून खिशात ठेवलं होतं, कारण शेठ विकताना म्हणाले होते, "हे जपून ठेवा, यात तुमचे सगळे हक्क आहेत."

"नाना, माझ्या हातात काही नाही," शेठ म्हणाले. "गॅरंटी कंपनीची. तुम्ही धुळ्याला एजंटसाहेबांना भेटा."

नाना धुळ्याला गेले. संपूर्ण खानदेशाची एजन्सी दांडेकर नावाच्या गृहस्थांकडे होती. टाय घालणारे, बोलताना घड्याळाकडे बघणारे. त्यांनी माझी वहीतली नोंद मागवली होती. ती वाचली आणि नानांना म्हणाले, "सेट तुम्हाला आम्ही विकलेला नाही, दुकानदाराने विकला. त्यांच्या मिस्त्रीनेच ग्राहकाची चूक लिहिलंय. तुम्ही जळगावला जा."

धुळे-जळगाव रस्त्यावर नानांच्या गावाचा फाटा मध्ये येतो. तो बिचारा माणूस रेडिओ मांडीवर घेऊन त्या फाट्यावरून कधी जळगावकडे, कधी धुळ्याकडे जात राहिला आणि घरी रेडिओ काही वाजला नाही. झिपरू फाट्यावर उभा असायचा. "नाना, डबाले दुन्या दाखाडी ऱ्हायनात का?"

मधे एका वकिलांनाही ते विचारून आले. वकील म्हणाले, दावा लावता येईल, कायदा तुमच्या बाजूचा आहे, विकणाऱ्याने चांगलीच वस्तू दिली पाहिजे, सदोष दिली तर जबाबदारी त्याची. नानांनी विचारलं, निकाल कवा लागी? वकिलांनी सांगितलं ते ऐकून नाना उठले. त्यांना पावसाच्या आधीच्या बुधवारी बैलबाजार गाठायचा होता.

हे सगळं मला त्या तिसऱ्या खेपेला कळलं. नाना जमिनीवर बसले होते आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो होतो. ते हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, पैसासनं काही नही. पन औंदा माले बाजारले कोनी बलावं नही. झिपरू म्हनस, ज्याले डबा पारखता येस नही, तो बैल काय पारखी? आनि लोकेसले पटनं ते. बुधवारले दुसऱ्याले लई जाई ऱ्हायनात."

वहीतली सही माझी होती. मला त्या क्षणी फार लाज वाटली. पण लाज वाटणं आणि तसं बोलून दाखवणं यांत बरंच अंतर असतं, आणि मधे शेठ बसलेले होते.

नानांनी दिवस मात्र नेमका निवडला होता. दांडेकर महिन्यातून एकदा जळगावला येत, आणि ते त्या दिवशी दुकानातच होते. शेठनी त्यांच्यासाठी थंड सोडा मागवला होता आणि टेबलफॅन त्यांच्या खुर्चीकडे वळवला होता. नानांना ही बातमी एरंडोलच्या मोटरस्टँडवरून मिळाली होती. शेठ आणि एजंट दोघं एका जागी सापडल्याशिवाय ते आलेच नाहीत.

"बोला नाना," दांडेकर घड्याळाकडे बघत म्हणाले.

"बोलाले काही नही साहेब. आमना बाजारमा एक रीत शे. बैल लिधा, घर नेऊन औतले जुपा, आनि त्याले बसानी खोड निघनी, ते इकनाऱ्याले परत लेनं पडस. कागद नही, काही नही. चार लोकेसना समोर जुपीसन दखाडनं पडस. तुम्ही हाऊ डबा आठे लावा. आम्ही बठ्ठा बसतस. तोबी बसस का नही, ते दखू."

"ठीक आहे. दहा मिनिटं."

"दहा मिनिट?" नाना पहिल्यांदाच हसले. "साहेब, दहा मिनिट तं चोरबी इमानदार ऱ्हास. दिवे लागतस तोवर लावा."

लोक हसले. दुकानाबाहेरही चार माणसं थांबली होती, तीही हसली. शेठना गिऱ्हाइकांसमोर नाही म्हणता येईना. दांडेकरांना खात्रीच होती. "लावा हो मिस्त्री," ते म्हणाले. "एकदाचा निकाल लागू दे."

"कोनी हात लावाना नही," नाना म्हणाले. "फक्त मिस्त्रीनी चालू करानं."

मी बॅटरी जोडली. संध्याकाळचा कार्यक्रम नुकताच सुरू झाला होता. मुंबई स्टेशन लागलं. आधी एक भजन झालं. मग एका बाईंचं गाणं झालं. मग शेतकऱ्यांसाठी भाषण सुरू झालं. कुणी गृहस्थ चांगला बैल कसा ओळखावा ते सांगत होते. बैलाची कातडी तुकतुकीत असावी, नजर प्रेमळ असावी.

"कोन शे हाऊ?" नानांनी विचारलं.

"मुंबईचे तज्ज्ञ आहेत," दांडेकर म्हणाले.

"याले बाजारमा नेजा नका कोनी. खाटकाना बैल लई येई."

पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. बाहेरची चार माणसं पंधरा झाली. समोरच्या पानवाल्याने दुकान सोडून येऊन विचारलं, काय विकतात. अर्धा तास झाला. सेट चालू. नानांच्या लोकांनी आता सेटकडे न बघता नानांकडे बघायला सुरुवात केली. झिपरूही त्यांत होता, तो कान खाजवत होता. चाळीस मिनिटं झाली. पन्नास झाली. रेडिओवर आता बासरी वाजत होती, एकही सूर न गाळता.

दांडेकरांनी सोड्याची बाटली खाली ठेवली. "नाना, तासभर होत आला. अजून काय बघायचं?"

"घर तं अर्धा घंटामा बसस," नाना म्हणाले. पण आवाज खाली आला होता.

"घर तं, घर तं," झिपरू पुटपुटला. एक-दोघं उठून धोतर झटकायला लागले. नानांनी त्यांच्याकडे वर पाहिलं नाही. त्यांनी सेटच्या पाठीवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि लगेच काढून घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ होता. इतकी वर्षं ज्या हाताने पारखलं त्या हातावरचा भरवसा उडालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"हाऊ तपनाच नही," ते स्वतःशीच म्हणाले.

मी ते ऐकलं. पुढे होऊन सेटच्या मागच्या जाळीला हात लावला. गार. तासभर चाललेला व्हायब्रेटरचा सेट, वैशाख संपलेला, जळगावचं ऊन, आणि सेट गार. मग माझ्या मानेला वारा लागला. दांडेकरांकडे वळवलेला टेबलफॅन त्यांच्या खुर्चीच्या आधी बरोबर त्या स्टुलावर झोत टाकत होता.

एवढ्यात मला सगळं दिसलं. दुकानात जो काही सेट आम्ही तपासत होतो तो याच पंख्यासमोर, दहा मिनिटं. नानांच्या घरी कोनाड्यात पंखा कुठून येणार? आणि मी, सहीवाला मिस्त्री, त्या घरी सेट तापायच्या आत मोटर पकडून पळालो होतो.

आता दोनच रस्ते होते. गप्प राहिलो असतो तर पाच मिनिटांत नाना सेट गोधडीत गुंडाळून निघाले असते, आणि शेठनी मला पेढा दिला असता. माझी नोकरी तिथे चार वर्षांची होती, घरी दोन पोरं होती. मी काही फार शूर माणूस नाही. पण नाना दोरी सरळ करत होते आणि झिपरू हसू दाबत होता, आणि ते मला बघवेना.

मी उठलो आणि पंखा बंद केला.

"अहो!" दांडेकर म्हणाले.

"मिस्त्री?" शेठ म्हणाले. त्या एका शब्दात माझा महिन्याचा पगार होता.

"सेटला वारा लागतोय शेठ. नानांच्या घरी पंखा नाही," मी म्हणालो. "दहा मिनिटं द्या."

नाना पुन्हा मांडी घालून बसले. धोतर झटकणारे थांबले. दुकानात एवढी माणसं कोंबलेली, वारा बंद. सगळ्यांना घाम फुटला. दांडेकरांनी टाय सैल केला. पाच मिनिटं झाली. मी जाळीला हात लावला, कोमट. आठ मिनिटं झाली, गरम. बासरी संपून बातम्या सुरू झाल्या. निवेदक अमक्या ठिकाणी तमक्या मंत्र्यांनी सांगितलं की, एवढं बोलला.

मंत्र्यांनी काय सांगितलं ते आम्हाला आजपर्यंत कळलं नाही.

नुसती गुणगुण. मग झिपरू ओरडला, "बसना! नाना, बसना रे भो!" आणि सेट बसला म्हणून असा गलका झाला की समोरचा पानवाला पुन्हा धावत आला.

नाना मात्र ओरडले नाहीत. त्यांनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला.

दांडेकर हरलेले नव्हते. "कोनाड्यात पडदा लावून सेट ठेवायचा आणि तापला म्हणून ओरडायचं. ही चुकीची हाताळणी आहे. कार्डात स्पष्ट लिहिलंय."

"साहेब, आता तर इथे कोनाडा नाही," मी म्हणालो. एकदा पंखा बंद केल्यावर तोंड बंद ठेवण्यात अर्थ नव्हता. "आणि खेड्यासाठी म्हणून विकलेला सेट पंख्याशिवाय चालायलाच हवा. खेड्यात वीज नाही म्हणूनच तो बॅटरीवर केलाय. कार्डात पंख्याचं कुठे लिहिलंय?"

मी सेटची पाठ उघडली. पेन्सिलच्या मागच्या टोकाने एकेक जोड ठोकत गेलो. तिसऱ्या-चौथ्या जागी ठोकल्याबरोबर निवेदक अर्ध्या वाक्यात ओरडला आणि पुन्हा गप्प झाला. तिथे दोन तारा कथलाने जोडलेल्या होत्या. त्याला आम्ही डाग देणं म्हणतो. डाग नीट बसला नाही तर वरून चकचकीत दिसतो, आत तार सुटीच असते. गार असताना चिकटून राहते, तापली की सरकते. याला ड्राय जॉइंट म्हणतात. मी चिमट्याने तार ओढली. ती भाकरीतून केस निघावा तशी बाहेर आली.

"हा डाग नानांच्या घरी दिलेला नाही," मी म्हणालो. "कारखान्यात दिलाय. आणि वहीत मी ग्राहकाची चूक लिहिलं, ती चूक माझी. मी तिथे थांबलोच नाही. नाना थांबा म्हणत होते."

दांडेकर तार बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. दुरुस्त करून द्या. गॅरंटीत बसतं."

"दुरुस्त नही," नाना म्हणाले.

"का? आत्ता दहा मिनिटांत होईल."

"साहेब, खोडना बैल परत देवाले गऊ, आनि इकनारानी त्याले गूळ खावाडीसन माले परत दिधा, ते मी लेसू का? आज एक जोड निघना. बाकीना कोनी दखेल शेत?"

दांडेकर पुन्हा घड्याळाकडे बघू लागले. नानांचं म्हणणं खरं होतं. ज्या कामगाराने तो एक डाग दिला त्यानेच बाकीचे चाळीस दिले असणार.

शेठ इतका वेळ दाराकडे बघत होते. दारात तीसेक माणसं होती. त्यांतली निम्मी तरी केव्हा ना केव्हा रेडिओ घेणार होती. शेठ धंद्यात मुरलेले होते. ते उठले, शेल्फवरून नवा कोरा सेट उतरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "नाना, आमच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणजे घरचा माणूस. हा घ्या नवा!" जणू महिनाभर ते हेच म्हणत होते. मग दांडेकरांकडे वळून हळूच म्हणाले, "साहेब, जुना तुमच्या मोटरीत ठेवतो."

दांडेकरांनी मान हलवली. ती होकारार्थी होती असं आम्ही सगळे धरून चाललो.

नानांनी नवा सेट घेतला नाही. आधी त्याच्याभोवती फेरी मारली. मग म्हणाले, "लावा."

"पुन्हा?"

"पंखा बंद ऱ्हाऊ द्या."

नवा सेट दिवे लागेपर्यंत वाजला. माणसं घामाने निथळली, पण कुणी उठलं नाही. तापून तापून त्याच्या जाळीला हात लावता येईना, तरी आवाज गेला नाही. नानांनी शेवटी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "हाऊ चालस."

गोधडी बांधताना झिपरू दोरीचं एक टोक धरून उभा होता. जमिनीकडे बघत म्हणाला, "नाना, बुधवारले माले खोंड लेवाना शे. तुम्ही येशात ना?"

दोरीची गाठ नानांनी दोनदा मारली. माझ्याकडे पाठ होती, पण उपरण्याने त्यांनी डोळे पुसले ते मला दिसलं.

"येसू," ते म्हणाले. "सकायले लवकर निंघनं पडी."

शेठ आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस त्यांनी स्वतःच नवीन नियम केला: प्रत्येक सेट विकायच्या आधी दोन तास वाजवायचा, पंखा बंद ठेवून. दारावर पाटी लागली, 'तापवून तपासलेले रेडिओ'. विक्री वाढली. शेठ म्हणायचे, ही कल्पना मला फार दिवसांपासून सुचली होती. पाऊस लागल्यावर मी एकदा नानांच्या घरी एरियल बघायला गेलो. रेडिओ चालू होता आणि न्हाणीजवळ अळूचं रान माजलं होतं. आक्का म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही सांगेल तितलं पानी रोज वतस मी. अळू भारी उनं." येताना त्यांनी मला अळूची मोठी जुडी बांधून दिली. अर्थची तार हलवायची गरजच नव्हती हे मी त्यांना सांगितलं नाही.

पुढे चाळीस वर्षं मी रेडिओ दुरुस्त केले, त्यातली बरीचशी माझ्या स्वतःच्या दुकानात. गॅरंटी कार्डं खूप वाचली. ती लिहिणारे सगळे हुशार असतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला त्यातून काही मिळवायचं तर कार्डापेक्षा मांडी घालून बसण्याचा उपयोग जास्त होतो. मिस्त्री लोकांसाठी मी एवढंच सांगेन. गिऱ्हाईक खोटं बोलतंय असं वाटलं तर ते जेवढा वेळ त्या वस्तूजवळ बसतं तेवढा वेळ तुम्हीही बसा. खोटं बोलणारं कोण ते आपोआप कळतं. बहुतेक वेळा ती वस्तू निघते, आणि एखाद्या वेळी वहीत सही करणारा मिस्त्री.